उतारावरचा बुटका डेक दर पावसाळ्यात हलतो, खचतो: फळ्या बदलण्याआधी खाली वाका

जुलै उजाडला की मला येणाऱ्या फोनचा मजकूर ठरलेला असतो. "दादा, डेक पुन्हा हलतोय. मागच्या वर्षी फळ्या बदलल्या, स्क्रू नवे मारले, तरी तेच." मी फॅब्रिकेशनची कामं करतो. मुळशी, पानशेत, भोरकडच्या उतारांवर फार्महाउसं झाली, होमस्टे झाले, आणि प्रत्येकाला पाण्याकडे तोंड करून चहा प्यायला एक डेक, म्हणजे सांगाड्यावर फळ्या ठोकलेला ओटा, हवा असतो. घराच्या जोत्याला न टेकलेला, सुटा, स्वतःच्या पायांवर उभा. चढाच्या बाजूला जेमतेम वीतभर उंच आणि उताराच्या बाजूला मांडीपर्यंत. उंची कमी म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. इंजिनियर नाही, ड्रॉइंग नाही, वेल्डरला सांगितलं "बारा बाय सोळाचा करून टाक" आणि झालं.

असे डेक मी इतक्यांदा उघडलेत की आता गाडीतून उतरतानाच अंदाज येतो. तरी अंदाजावर काम करत नाही. खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहितोय, आधी फुकटच्या, मग शंभर-दोनशे रुपयांच्या, शेवटी कुदळ-पहारीच्या.

लक्षणं: "हलतो" म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दात चार वेगळी दुखणी लपलेली असतात.

झुलतो: डेकच्या मधोमध पाय फाकवून उभं राहा आणि कंबर डावी-उजवीकडे हलवा. अख्खा डेक होडीसारखा सरकतो, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हेलकावतं, आणि तुम्ही थांबलात तरी क्षणभर हेलकावतच राहतं.

डुगडुगतो: एका कोपऱ्यावर पाय दिला की खालून "टक्" असा आवाज येतो आणि समोरचा कोपरा किंचित उचलला जातो. हॉटेलातल्या त्या टेबलासारखं, ज्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सारलेली असते.

दबतो: पाय पडला की फळी खाली जाते आणि परत वर येते, पण आडवं काही सरकत नाही.

खचतो: फळ्यांवर लिंबू ठेवलं तर ते उताराकडे घरंगळतं. फळ्यांमधल्या फटी पाचरीसारख्या झालेल्या असतात, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला करंगळी जाईल एवढ्या.

जोडीला स्क्रूची डोकी वर आलेली, बेसप्लेटभोवती (खांबाच्या तळाला वेल्ड केलेली, बोल्टने काँक्रीटला धरलेली लोखंडी प्लेट) काँक्रीटला केसासारख्या चिरा, पायापाशी गंजाचे ओघळ. दोन-तीन दुखणी एकत्र असणं नेहमीचंच. पण आधी कुठलं आणि त्यामुळे दुसरं कुठलं, हे कळलं नाही तर दर वर्षी फळ्याच बदलत बसाल.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा: कधी होतं? पावसात खाली गेला आणि तसाच राहिला तर भरावाची माती बसतेय. पावसात उलट वर उचलला गेला आणि एप्रिल-मे महिन्यात खाली बसला, तर खाली काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

हात घालण्याआधी

डेकखालची कोरडी जागा पावसाळ्यात फक्त तुम्हालाच कोरडी वाटत नाही. घोणस, मण्यार, कोकणाकडे फुरसं, शिवाय विंचू. आधी लांब काठीने ढोसून बघा, बॅटरीचा झोत मारा, गमबूट घाला, आणि न दिसणाऱ्या फटीत बोटं घालू नका. हे मी शौर्याची गोष्ट म्हणून सांगत नाही. एकदा बेसप्लेटमागे हात घातला आणि हाताला गार, मऊ काहीतरी लागलं. बेडूक होता. पण त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

डेकवर दिवे असतील तर त्यांचा एमसीबी खाली पाडा. ओल्या लोखंडी सांगाड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर हे काम तिथेच थांबतं. मेन बंद करायचा आणि इलेक्ट्रिशियन बोलवायचा, बाकी सगळं नंतर.

पहिली तपासणी: छत्री घेऊन पावसात उभं राहा

यात एक पैसाही जात नाही आणि जवळजवळ कुणीच हे करत नाही. मुसळधार पाऊस चालू असताना डेकच्या चढाच्या बाजूला उभं राहा आणि पाणी कुठून येतंय ते बघा. डेकवर पडणाऱ्या पावसाची मला फारशी काळजी नसते. काळजी असते ती वरच्या अंगणातून वाहत येणाऱ्या पाण्याची. हिशोब सोपा आहे. वरचं अंगण १०० चौरस मीटर धरलं आणि दिवसात १०० मिमी पाऊस झाला, जो ताम्हिणीच्या बाजूला जुलैत नवलाचा नाही, तर १०,००० लिटर पाणी होतं. म्हणजे एक अख्खा टँकर रोज तुमच्या खांबांच्या मुळाशी रिकामा होतोय. त्यात घराच्या पन्हळीचा पाईप डेककडेच तोंड करून सोडलेला असेल तर बघायलाच नको.

पाणी आधी बारीक माती वाहून नेतं, मग फूटिंगच्या, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या पायाच्या, कडेला पोकळी करतं. राहिलेली माती भिजून मऊ पडते. खालच्या बाजूचं फूटिंग खचण्यामागे मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलंय.

इलाजाला एक गडी आणि अर्धा दिवस लागतो. चढाच्या बाजूला खांबांपासून दोन-तीन फूट वर फूटभर खोल चर खणायचा, त्याला आडवा हलका उतार द्यायचा आणि पाणी डेकच्या पलीकडे नैसर्गिक ओघळाला नेऊन सोडायचं. चराचं तोंड चुकूनही खालच्या खांबांकडे काढू नका. तेही पाहिलंय. पन्हळीचा पाईप वाढवून त्याच चरात टाका. चर उघडाच ठेवा, म्हणजे पालापाचोळा साचलेला दिसतो आणि काढता येतो.

दुसरी: लग्नपत्रिका

डुगडुगणाऱ्या डेकसाठी. जाड लग्नपत्रिका घ्या, घरात एखादी असतेच, आणि प्रत्येक बेसप्लेटखाली सरकवून बघा. डेकवर कुणी नसताना पत्रिका आत गेली आणि त्या कोपऱ्यावर माणूस उभा केल्यावर अडकली, तर तो पाय हवेत आहे. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड झाला की भार तिघांवर येतो, आणि ते तिघे लवकर कंटाळतात.

इथे लोक फरशीचा तुकडा किंवा लाकडाची चिप ठोकतात. लाकूड कुजतं, फरशीचा तुकडा फुटतो. लोखंडी पट्टीच्या तुकड्यांनी फट भरा, नट आवळा आणि वरून न आकसणारं ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, भरा. पण त्याआधी ठरवा, की पाय आखूड झाला की जमीन खाली गेली? एकाच हंगामात फट पुन्हा आली तर जमीन जातेय. मग पट्ट्या वाढवत बसण्यात अर्थ नाही, सरळ पहारीच्या तपासणीवर जा.

तिसरी: स्क्रू आणि बोल्ट

पाना आणि पेचकस घेऊन एकेक बघत जा. वेळखाऊ आहे, अवघड नाही. फळ्या काळ्या ड्रायवॉल स्क्रूंनी मारलेल्या असतील तर निम्म्यांची डोकी हातात येतील. ते स्क्रू जिप्समच्या छतासाठी असतात. बाहेर ते गंजतात, आणि ठिसूळ असल्याने फळी फुगली-आकसली की मानेत तुटतात. तिथे ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. दापोली, गुहागरसारख्या खाऱ्या हवेत ३१६ घ्या. महाग पडतात, पण एकदाच पडतात.

आता लक्ष द्या. बोल्ट तपासताना सगळे जण उताराकडच्या उंच खांबांपाशी जातात, कारण हलताना तेच दिसतात. तुम्ही चढाच्या बाजूच्या आखूड खांबांपासून सुरू करा. तिथले नट बहुतेक वेळा हाताने फिरतात, कधी बोल्टभोवतीचं काँक्रीट तडकलेलं असतं. याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या दुखण्याची गाठ इथेच आहे.

समजा डेक १२ बाय १६ फुटांचा आहे. चढाकडचे खांब ८ इंच आणि उताराकडचे ३२ इंच. पाईप दोन्हीकडे तोच. एकाच जाडीच्या खांबाची लांबी दुप्पट झाली की तो त्याच धक्क्याला आठपट वाकतो. चौपट झाली की चौसष्टपट. म्हणजे चढाकडचे खांब भिंतीसारखे ताठ, आणि उताराकडचे बोरूच्या काठीसारखे. तुम्ही चढ-उताराच्या दिशेने डेक हलवला की सांगाडा दोन्ही ओळींना एकत्रच ओढतो. लांब खांब वाकून मोकळे होतात, आखूड खांबांना वाकता येत नाही, आणि जवळजवळ सगळा धक्का त्यांच्या बोल्टांवर येतो. दोन-तीन वर्षं रोज हे झालं की बोल्ट सैल पडतात. मग तेही हलायला लागतात, आणि लोक म्हणतात "अचानक हलायला लागला". अचानक काही नसतं.

आडव्या दिशेने हलवलात तर वेगळीच गंमत. ताठ ओळ एका बाजूला असल्यामुळे डेक सरळ सरकत नाही, चढाच्या कडेभोवती दारासारखा वळतो. उताराकडची कड सगळ्यात जास्त फिरते, आणि चहाची टेबलं आपण नेमकी तिथेच मांडलेली असतात.

चौथी: टेपने दोन कर्ण

१२ बाय १६ ला एक सोय आहे, गुण्यात असेल, म्हणजे कोपरे काटकोनात असतील, तर दोन्ही कर्ण बरोबर २० फूट भरतात. गवंडी तीन-चार-पाचचा गुण्या लावतात, तोच चौपट करून. माप दुसरं असेल तर आकडा वेगळा येईल, पण दोन्ही कर्ण सारखे आलेच पाहिजेत. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक मी मूळ कामातला आळस समजतो. त्याहून जास्त असेल, किंवा गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल, तर चौकट पतंगासारखी तिरकी होत चाललीय. फळ्यांच्या पाचरीसारख्या फटी त्यातूनच येतात. अशा वेळी फळ्या बदलल्या तर नव्या फळ्याही तशाच तिरक्या बसतील.

पाचवी: तिरका बांबू बांधून बघा

झुलणाऱ्या डेकची खरी परीक्षा हीच, आणि तिला एक बांबू व थोडी बाइंडिंग वायर पुरते. उताराकडच्या एका कोपऱ्याच्या खांबाच्या तळापासून वर खांबांना जोडणाऱ्या आडव्या बीमपर्यंत, साधारण ४५ अंशांत, बांबू घट्ट बांधा. सी-क्लॅम्प असतील तर आणखी चांगलं. मग कंबर हलवण्याचा तोच प्रयोग करा. झुलणं निम्म्यावर आलं तर दुखणं सापडलं. तुमच्या डेकला तिरके आधारच नाहीत.

चौकोन ढकलला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. घराला जोडलेल्या डेकला घर धरून ठेवतं, सुट्या डेकला धरणारं कुणी नसतं. तरीही दहातल्या आठ डेकांना मला तिरका अँगल दिसत नाही, कारण "एवढासा तर उंच आहे" आणि कारण तो पुढून वाईट दिसतो. दिसत असेल तर आत सरकवा, पण लावा.

कायमचा लावताना ३५ बाय ३५ बाय ५ मिमीचा लोखंडी अँगल पुरतो. उताराकडच्या प्रत्येक खांबाला दोन्ही दिशांनी लावायचा: एक बीमच्या रेषेत, दुसरा चढाकडे. एकाच दिशेचा लावून समाधान मानू नका. डेक मग दुसऱ्या दिशेने झुलू लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, काहीच फरक नाही. फळ्यांखालून एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत सपाट पट्टीही वेल्ड करून घ्या, म्हणजे चौकट पतंग व्हायची थांबते. हे सगळं कर्ण सारखे करून झाल्यावर. आधी वेल्ड मारलं तर तिरकेपणच पक्कं होईल.

सांगाडा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, असेल तर वेल्डिंगच्या जागचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. ती जागा घासून त्यावर जस्ताचा रंग मारायचा. काळ्या लोखंडाला रेडऑक्साइडचे दोन हात आणि वरून इनॅमल. वेल्डरला घाई असते, तुम्ही उभे राहा.

दबत असेल तर

हे त्यातल्या त्यात सरळ आहे. खालच्या कड्यांमधलं, म्हणजे फळ्या ज्यांवर टेकतात त्या आडव्या आधारांमधलं, अंतर मोजा. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळ्यांना बहुतेक १२ ते १६ इंचांवर आधार लागतो, नेमका आकडा फळीच्या माहितीपत्रकात असतो. मला सापडतात २४ इंच. उन्हात ती फळी तापून आणखी मऊ पडते. मधे एकेक कडी वाढवा, विषय संपला.

कडीच दबत असेल तर तिच्या बाजूने दोरी ताणा, मधोमध माणूस उभा करा आणि दोरीपासून कडी किती खाली गेली ते मोजा. ८ फुटांच्या कडीला ७ मिमीपर्यंत चालतं, त्यापुढे पायाला जाणवतं. मग मधे एक बीम आणि त्याखाली दोन खांब लागतील. त्या खांबांची फूटिंगही बाकीच्यांइतकीच नीट हवी. मधे नुसती वीट ठेवून आधार दिलेला मी दर वर्षी काढतो.

सहावी: खांबांचे तळ

लोखंड सगळ्यात आधी गंजतं ते माती आणि हवा भेटतात त्या रेषेवर. खांब मातीत किंवा जमिनीबरोबरच्या काँक्रीटमध्ये गाडलेले असतील तर दोन इंच उकरा, घासा आणि पेचकसाचं टोक जोर देऊन टोचा. मग हातोडीने वरून खालपर्यंत टकटक करत या. वर खणखणीत आवाज येतो, खाली एकदम बद्द झाला तर आत पाणी किंवा गंज आहे.

बंद पाईपमध्ये पाणी जातं कुठून, हे कोडं मला सुरुवातीला पडायचं. वरच्या वेल्डमधल्या टाचणीएवढ्या भोकातून जातं. एका डेकच्या कोपऱ्यातल्या खांबाला तळाशी ६ मिमीचं भोक पाडलं, तर ड्रिल बाहेर काढताच बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं पाणी पिचकारीसारखं आलं आणि मिनिटभर येत राहिलं. पाईप बाहेरून चकचकीत रंगवलेला होता. तेव्हापासून मी प्रत्येक खांबाला तळाशी असं भोक ठेवतो.

पेचकस आरपार गेला तर त्या खांबावर भरवसा संपला. शेजारी तात्पुरता आधार द्या, मगच कापा. नवा तुकडा बेसप्लेटसकट जमिनीपासून सहा इंच वर आलेल्या काँक्रीटच्या ओट्यावर बसवायचा, ओट्याचा माथा बाहेरच्या बाजूंना उतरता. लाकडी खांब असतील तर तीच परीक्षा, शिवाय वाळवीच्या मातीच्या रेघा बघा. सागाचा गाभा वाळवीला टिकतो, पण बाजारात "साग" म्हणून मिळणाऱ्या खांबात पांढुरका बाहेरचा भाग किती आहे ते बघा. वाळवी तोच आधी खाते.

सातवी: लेव्हल पाईप, मग पहार

गवंड्याचा पाण्याचा लेव्हल पाईप अजून कुठल्याही लेसरइतकाच खरा आहे. पाईपमध्ये बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप खोटं येतं. घराच्या जोत्यावर एक पक्की खूण करा आणि तीच पातळी प्रत्येक खांबावर उतरवा. मग खुणेपासून बीमच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सगळी मापं सारखी हवीत. उताराकडची कमी भरली तर डेक तिकडे खाली गेलाय, आणि किती गेलाय तेही कळलं.

आता उताराकडच्या फूटिंगशेजारी, अर्ध्या फुटावर, पहार उभी धरून सोडा. कडक मुरुमावर ती खण्णकन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. भरावात ती वीतभर मुकाट्याने शिरते.

उतारावर जागा सपाट करताना वरचं कापून खाली लोटतात. त्यामुळे डेकचा चढाकडचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि उताराकडचा अर्धा भाग लोटलेल्या मातीवर येतो. तिकडचेच खांब उंच, तिकडचेच मऊ, आणि तिकडेच पाणी जाऊन मुरतं. थरावर थर देऊन ठोकलेला नसेल तर भराव पहिले काही पावसाळे बसतच राहतो.

माझा स्वतःचा पहिला डेक असाच गेला. खालचे खांब दीड फूट खड्ड्यात गाडले, भोवती दगड ठोकले आणि खूश झालो. दुसऱ्या पावसाळ्यात अडीच बोटं खाली. लोखंडी पट्ट्या घालून उचलला. तिसऱ्या वर्षी परत तेच. शेवटी लाजेकाजेने उकरलं, तर दोन फुटांखाली बिस्किटाच्या पुड्याचं प्लास्टिक आणि विटांचे तुकडे निघाले. त्याखाली आणखी हातभर गेल्यावर मूळ मुरूम लागला. खोदताना कचरा, पानं, विटा निघताहेत तोवर तुम्ही भरावातच आहात.

दुरुस्ती नोव्हेंबरात करा. पावसाळ्यात दुखणं दिसतं, पण तेव्हा उतारावर खड्डे काढणं म्हणजे उरलेली जमीनही सैल करणं. तोवर डेकवर गर्दी नको, नाच तर नकोच, आणि मुलांचा फुगवायचा पूल किंवा पाण्याची टाकी असेल तर उतरवा. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन एकाच कोपऱ्यात.

एका वेळी एकच फूटिंग घ्या. शेजारी लाकडी ठोकळ्यांची आडवी-उभी चवड रचून बीमला आधार द्या. बॉटल जॅक मातीवर ठेवू नका, खाली जाड फळी आणि ती पातळीत. नट आधी सोडा, मग एका वेळी ५ मिमी उचला, थोडं थांबा, पुन्हा ५ मिमी. कुठे कडकड आवाज आला तर थांबून बघा काय अडकलंय. उचललेल्या डेकखाली कुणी जायचं नाही, चेंडू काढायलासुद्धा नाही. खड्डा दीड फूट चौरस, मुरूम लागेपर्यंत. तळ उताराबरोबर तिरका ठेवायचा नाही, आडवा सपाट करायचा, नाहीतर फूटिंग घसरगुंडीवर बसवल्यासारखं होतं. काँक्रीट एकास दोन-चारचं (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी), आणि सात दिवस पाणी मारल्याशिवाय त्यावर भार नको.

काळ्या मातीत एवढ्याने भागत नाही. खाली मुरूम हाताला लागला तर त्यावर बसवा. नाही लागला तर पुढचा भाग वाचा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

चार फूट खोदूनही भरावच निघतोय, किंवा काळी माती संपत नाही: खड्ड्यात उतरू नका, कडा ढासळतात. स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा, फूटिंगचा प्रकारच बदलावा लागेल.

खांब माती अडवणाऱ्या दगडी भिंतीवर उभे आहेत आणि भिंतीला पोट आलंय: डेक सोडा, भिंत आधी. तिला पाणी बाहेर पडायची भोकं नसतील तर पुढच्या पावसापर्यंतही थांबू नका.

डेकखालची जमीन कुणीतरी रस्त्यासाठी किंवा पार्किंगसाठी जेसीबीने उभी कापलीय. डेकबरोबर घराच्या जोत्यालाही नवी चीर गेलीय. डेकवर जकुझी किंवा वीस-तीस माणसांची पंगत बसवायचीय. या तिन्ही ठिकाणी मी स्वतः काम घेत नाही, आधी इंजिनियरचा कागद मागतो. घरातल्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात. त्या हिशोबाने १२ बाय १६ चा डेक साडेतीन टनांचा हवा, आणि गर्दीच्या जागेला त्याहून बराच जास्त. अंदाजाने मारलेल्या पाईपांवर मी ते लिहून देऊ शकत नाही.

आणि शेवटचं. चढाच्या बाजूला जमिनीत कमानीसारखी लांब भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब नव्याने कललेले दिसले, उतारातून एकाएकी गढूळ पाणी फुटलं, तर प्रश्न डेकचा राहिलेला नाही. डोंगर सरकत असेल. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि २२ जुलै २०२१ ला तळीये ही गावं दरडीखाली गाडली गेली, तेही धो धो पावसातच. तिथे पाना, जॅक, फोटो, काही नको. माणसं बाहेर काढा, खाली राहणाऱ्यांना सांगा, आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवा.

दुरुस्तीनंतर

जोत्यावरची ती पक्की खूण पुसू देऊ नका. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरात, तीच पातळी लेव्हल पाईपने खालच्या खांबांवर उतरवा आणि खिळ्याने बारीक रेघ मारून शेजारी महिना-वर्ष लिहा. खांब खचत असेल तर रेघा त्याच्यावर वर वर चढत जातात. एका डेकच्या खांबावर पहिल्या तीन वर्षांच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आहेत, बोटाबोटाच्या अंतराने. त्यानंतर फूटिंग मुरुमापर्यंत नेलं. तिथून पुढच्या सगळ्या रेघा एकीवर एक पडल्यात, आणि तिथले राखणदार मामा गेल्या ऑक्टोबरात मला विचारत होते, "आता तारीख कुठं लिहू? जागाच नाही उरली."